‘मिटवून टाकू’ म्हणण्याआधी

वाचकांचे प्रश्न : मोटार अपघात आणि पोलीस

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांचा निवृत्त शिक्षक असून चिंचवडला राहतो. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी सातच्या सुमारास सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर काढत असताना डावीकडून आलेला एक स्कूटरस्वार माझ्या गाडीच्या पुढच्या कोपऱ्याला धडकून पडला. महाविद्यालयात शिकणारा मुलगा होता. तो लगेच उठला. त्याच्या कोपराला खरचटले होते आणि तो मनगट चोळत होता. पण ‘काका, काही झालेले नाही’ असे तोच म्हणाला. जमलेल्या मंडळींनी ‘पोलिसांच्या भानगडीत पडू नका, इथल्या इथे मिटवा’ असा सल्ला दिला. मी स्कूटरच्या दुरुस्तीसाठी यूपीआयने ३,००० रुपये पाठवले आणि त्याने वहीच्या पानावर ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून सही केली. आठव्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन आला. मनगटातील एका लहान हाडाला तडा गेला आहे, कदाचित शस्त्रक्रिया करावी लागेल, ८०,००० रुपये द्या, नाहीतर आम्हाला पोलिसांत जावे लागेल, असे ते म्हणाले. पत्नीच्या मते पैसे देऊन मोकळे व्हावे. बंगळूरला असलेला मुलगा एक रुपयाही देऊ नका म्हणतो. आता इतक्या दिवसांनी मीच पोलिसांत गेलो, तर मीच अडकणार नाही का?

उत्तर : पोलिसांत जा. उशीर झालाच आहे, तो आणखी वाढू देऊ नका. (उत्तर छापून येईपर्यंत वाट पाहावी लागू नये म्हणून या वाचकांना सारांश आधीच कळवला होता.)

पोलिसांना कळवावे की नाही, हा निर्णय त्या संध्याकाळी खरे तर तुमच्या हातात नव्हताच. तो तुमच्या हातात आहे असे भोवतालच्या गर्दीने तुम्हाला भासवले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १३४ असे सांगते की, अपघातात कोणी जखमी झाल्यास किंवा त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, घडलेली हकीकत कळवावी आणि आपल्या विमा कंपनीलाही लेखी माहिती द्यावी. इजा किरकोळ असली तर यातून सूट आहे, असे हे कलम कोठेही म्हणत नाही. कोपराला खरचटणे हीसुद्धा इजाच. हे कर्तव्य टाळल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा आकडा तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. तुम्ही पळून गेला नाहीत, थांबलात, विचारपूस केलीत, स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवलेत. या सगळ्याचा विचार होतो. पण ‘न कळवणे सुरक्षित’ हा जो समज आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, तो कायद्याच्या दृष्टीने नेमका उलटा आहे, हे सांगणे भाग आहे.

याच कलमाने एक गोष्ट फार व्यवहारी दृष्टीने मान्य केली आहे, ती इतर वाचकांसाठी नोंदवतो. जमाव खवळलेला असेल आणि त्यामुळे जखमीला मदत करणे शक्य नसेल, तर चालकाला त्या कर्तव्यातून सवलत आहे. मात्र तशी मदत का करता आली नाही, हे त्याने पोलीस ठाण्यात सांगितले पाहिजे. म्हणजे मारहाणीच्या भीतीने जागा सोडली आणि थेट चौकीत गेलात, तर कायदा तुम्हाला समजून घेतो. जागा सोडून घरी गेलात, तर नाही.

आता त्या वहीच्या पानाविषयी. ते जपून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. बेदरकारपणे वाहन चालवणे हा गुन्हा जखमी आणि चालक या दोघांपुरता नसतो. तो राज्याविरुद्धचा गुन्हा मानला जातो, त्यामुळे जखमीने ‘तक्रार नाही’ लिहून दिले म्हणून पोलिसांचा गुन्हा नोंदवण्याचा अधिकार संपत नाही. त्याचप्रमाणे, दुखापतीची खरी व्याप्ती कळण्याआधी लिहून दिलेल्या अशा चिठ्ठीने त्याचा भरपाई मागण्याचा हक्कही बुडत नाही. त्या पानाचा आणि यूपीआयच्या नोंदीचा निश्चित उपयोग एकच : त्या दिवशी, त्या वेळी, त्या जागी तुम्ही होता, हे त्यातून सिद्ध होते. ते तुम्ही नाकारतही नाही, म्हणून त्याची चिंता नको.

वडिलांच्या फोनकडे तुमचा मुलगा संशयाने पाहतो, असे पत्रातून दिसते. ती घाई करू नये. हात टेकून पडल्यावर मनगटातील नौकेच्या आकाराच्या लहान हाडाला गेलेला तडा पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासल्यावर लक्षात येतो, हे अस्थिरोगतज्ज्ञ नेहमी सांगतात. मुलगा मनगट चोळत होता, हे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा दुखापत खरी असण्याची शक्यता बरीच आहे. अपघाताच्याच संध्याकाळी त्याला जवळच्या रुग्णालयात नेले असते, तर तेथे एमएलसी म्हणून, म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण म्हणून, नोंद झाली असती, मनगटाची तक्रार त्या कागदावर आली असती आणि आज दोन्ही कुटुंबांना एकमेकांच्या शब्दावर अवलंबून राहावे लागले नसते. पोलीस नोंद बहुतेकांना आपल्याविरुद्धचा कागद वाटते. माझ्या अनुभवात ती प्रामाणिक चालकाच्या बाजूनेच अधिक वेळा उभी राहते, कारण कोण कोणत्या दिशेने येत होते, उजेड किती होता, गाडीला नेमका कोठे मार लागला, हे घटनास्थळ पंचनाम्यात त्याच दिवशी गोठते. दोन महिन्यांनी स्मरणशक्तीच्या जोरावर सांगितलेली दिशा कोणालाही हवी तशी वळवता येते.

तुम्ही अडकाल का? गुन्हा नोंदवला जाईल, ही शक्यता आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्यासाठी कलम २८१, अशा कृतीतून साधी दुखापत झाल्यास कलम १२५ (अ) आणि गंभीर दुखापत झाल्यास कलम १२५ (ब) आहे. हाड मोडणे कायद्याने गंभीर दुखापतीत मोडते आणि तेथे शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षे आहे. पण ही तिन्ही कलमे जामीनपात्र आहेत. म्हणजे जामीन ही मेहेरबानी नसून तुमचा हक्क आहे. गाडी काही दिवस ठाण्याच्या आवारात उभी राहील, परिवहन कार्यालयाचे मोटार वाहन निरीक्षक तिची तपासणी करतील आणि मग सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, ती परत मिळेल. दोन-चार खेपा घालाव्या लागतील. हा त्रास आहे आणि या वयात तो नकोसा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वडिलांनी आधी फिर्याद दिली आणि तुम्ही त्यानंतर हजर झालात, तर हाच त्रास ‘अपघात लपवणारा चालक’ या शिक्क्यासह होईल.

ठाण्यात काय सांगायचे, हे आधी कागदावर उतरवून न्या. तारीख, वेळ, जागा, दोन्ही वाहनांचे क्रमांक, तुमची गाडी किती बाहेर आली होती, स्कूटर कोठून आली, कोण कोण हजर होते, मुलगा काय म्हणाला, पैसे किती आणि कशासाठी दिले, आठव्या दिवशी फोन कसा आला आणि कळवायला उशीर का झाला, हे सारे क्रमाने लिहा. उशिराचे खरे कारण लिहा. दुखापत क्षुल्लक आहे असे वाटल्याने कळवले नाही, हे कारण तुमच्या बाबतीत खरेच आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाणे अंमलदाराची सही, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. चिंचवडच्या सोसायट्यांच्या फाटकावर बहुधा कॅमेरा असतोच. त्या संध्याकाळचे चित्रण अजून शिल्लक आहे का, हे मात्र ठाण्यात जाण्याआधी पाहा, कारण अनेक यंत्रांत जुन्या चित्रणावर काही दिवसांतच नवे चित्रण होते.

आणि गाडी जो चालवत होता त्याचेच नाव सांगावे. तुमच्या पत्रात तसा प्रश्न नाही. पण ‘मुलाऐवजी मी चालवत होतो असे सांगू का’ असे विचारणारी पत्रे या स्तंभाकडे येतात, म्हणून लिहितो. मे २०२४ मधील कल्याणीनगरच्या अपघातानंतर चालक बदलण्याच्या प्रयत्नाचे आरोप कोठवर जातात, हे पुणेकरांनी पाहिले आहे. मूळ गुन्हा जामीनपात्र असताना त्यात खोटा पुरावा उभा केल्याची भर घालणे हा शुद्ध अविचार होय.

राहिले ८०,००० रुपये. ते स्वतःच्या खिशातून देऊ नका. मुलाला भरपाई मिळू नये असा याचा अर्थ नाही. ती देण्यासाठीच तुम्ही दरवर्षी त्रयस्थ (थर्ड पार्टी) विम्याचा हप्ता भरता. त्रयस्थाच्या शारीरिक इजेसाठी विमा कंपनीच्या दायित्वाला रकमेची वरची मर्यादा नाही. उलट, बहुतेक सर्व मोटार पॉलिसींत अशी अट असते की, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कोणतीही कबुली, आश्वासन किंवा रक्कम देऊ नये. तुम्ही आज परस्पर पैसे दिलेत, तर कंपनी ते परत करण्यास बांधील राहणार नाही आणि वडिलांना पुढे भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाण्यापासून ती रक्कम रोखूही शकणार नाही. म्हणून पोलिसांना कळवाल त्याच दिवशी पॉलिसी क्रमांक, अपघाताचा तपशील, जखमीचे नाव आणि तुमच्या अनुज्ञप्तीचा (लायसन्सचा) तपशील कंपनीला लेखी द्या. पोलिसांकडे नोंद झाली की १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाणे अपेक्षित आहे आणि विमा कंपनीलाही तडजोडीचा प्रस्ताव देता येतो. अनेक प्रकरणे लोकअदालतीत संपतात. वडिलांना हे सौम्य शब्दांत समजावून सांगा : त्यांचा खर्च खरा असेल तर तो मिळण्याचा हा अधिक भक्कम मार्ग आहे, मात्र भरपाईच्या अर्जाला कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती त्यांनी चुकवू नये.

त्यांच्याशी बोलताना एवढे लक्षात ठेवा. पोलिसांपुढे दिलेली कबुली कायद्याने पुराव्यात चालत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चूक माझीच झाली’ असे लिहिलेत, तर तो संदेश चालतो. मुलाची विचारपूस जरूर करा, रुग्णालयात भेटायलाही जा. विचारपूस म्हणजे कबुली नव्हे.

प्रश्न : डोंबिवलीत रात्री आमची गाडी इमारतीसमोर उभी असताना एका टेम्पोने मागून धडक दिली आणि तो निघून गेला. मागचा बंपर आणि दिवा फुटला. कारागिराने १४,००० रुपये खर्च सांगितला. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात टेम्पोचा क्रमांक स्पष्ट दिसतो. विमा एजंट म्हणतो एफआयआर आणा. ठाण्यात म्हणतात, कोणाला लागले नाही, एफआयआर होत नाही, स्टेशन डायरीत (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) नोंद घ्या. खरे कोणाचे?

उत्तर : दोघांचेही अर्धे. उभ्या गाडीचे नुकसान झाले आणि कोणी जखमी नाही, अशा दाव्यात विमा कंपन्या सहसा एफआयआरचा आग्रह धरत नाहीत. चोरी, त्रयस्थाची इजा किंवा मृत्यू असेल तेव्हा तो कागद अपरिहार्य होतो. एजंटचे तोंडी म्हणणे बाजूला ठेवून कंपनीच्या दावा विभागाला ईमेल करा आणि पॉलिसीतील कोणत्या अटीनुसार एफआयआर लागतो, हे लेखी विचारा. माझ्या अंदाजाने उत्तरात स्टेशन डायरीची प्रत पुरेशी आहे असेच येईल. दुरुस्ती मात्र कंपनीच्या माणसाने गाडी पाहण्याआधी सुरू करू नका.

ठाण्यातील उत्तरही पूर्ण नाही. नुकसान करून न थांबता, न कळवता निघून जाणे हे टेम्पोचालकाने मोडलेले कर्तव्य आहे. वर सांगितलेले कलम १३४ मालमत्तेच्या नुकसानीलाही लागू होते. शिवाय वाहनाचा क्रमांक हाती असल्यावर त्या वेळी गाडी कोण चालवत होते, हे सांगण्यास कलम १३३ खाली पोलीस मालकाला भाग पाडू शकतात. तेव्हा ‘एफआयआर घ्या’ या मागणीवर हटून बसण्याऐवजी लेखी अर्ज द्या, त्यात या दोन कलमांचा उल्लेख करा, चित्रणाची प्रत पेन ड्राइव्हवर जोडा आणि पोच घ्या. अर्ज घेण्यासच नकार मिळाला, तर तो टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. टेम्पोमालकाला ठाण्यातून एक फोन गेला की १४,००० रुपयांचा प्रश्न तेथेच सुटतो, असे मी बऱ्याच वेळा पाहिले आहे. त्याच्या विम्याकडून नुकसान वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहेच, पण त्यासाठी न्यायाधिकरणात जावे लागते आणि एवढ्या रकमेसाठी तो खटाटोप मी सुचवणार नाही.

स्वतःच्या विम्यातून दावा करण्याआधी एक हिशेब करा. सलग पाच वर्षे दावा केला नसेल, तर तुम्हाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या विमा हप्त्यावर ५० टक्के सवलत मिळत असेल; एका दाव्याने ती शून्यावर येते आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढत जाते. हा हप्ता सवलतीआधी १२,००० रुपये असेल, तर पहिल्याच वर्षी ६,००० रुपये जातील आणि पुढची चार वर्षेही थोडे थोडे जात राहतील. त्यात सक्तीची वजावट (दाव्यातून तुम्हीच सोसायची ठरावीक रक्कम) आणि प्लास्टिकच्या भागांचा घसारा धरला, तर १४,००० चा दावा बहुधा तोट्याचाच ठरेल. शिवाय या प्रकारात चूक दुसऱ्याची असली तरी सवलत तुमचीच जाते, ही गोष्ट अनेकांना हप्ता भरतानाच कळते.

दोन मोटारींचे बंपर घासले, कोणी जखमी नाही आणि दोन्ही बाजूंचे आपापला खर्च स्वतःच सोसायला तयार आहेत, अशा वेळी ठाण्यात जावे का, असेही तुम्ही जाता जाता विचारले आहे. कायद्याचे शब्द अक्षरशः घेतले, तर कळवायला हवे. प्रत्यक्षात कोणी कळवत नाही आणि ठाणे अंमलदारालाही त्याची अपेक्षा नसते. मी स्वतः अशा वेळी दोन्ही गाड्यांची, क्रमांक दिसतील अशी छायाचित्रे घेतो, नाव-पत्ता आणि विम्याचा तपशील घेतो-देतो आणि पुढे जातो. समोरचा माणूस तपशील देण्यास नकार देऊ लागला, त्याच्या तोंडाला दारूचा वास आला किंवा गाडीतले कोणी मान धरून बसलेले दिसले, तर ११२ वर फोन करतो. त्या फोनची वेळेसह नोंद राहते, हे त्यातले महत्त्वाचे.

प्रश्न : सातारा रस्त्यावर आमच्यासमोर एका दुचाकीला अज्ञात वाहनाने उडवले. मी जखमीला गाडीत घालून रुग्णालयात पोहोचवले आणि नाव न देता निघालो. आता वाटते की मी पोलिसांना कळवायला हवे होते. घरचे म्हणतात, साक्षीदार झालास तर वर्षानुवर्षे न्यायालयात जावे लागेल.

उत्तर : नाव न देता निघालात, यात तुम्ही काहीही चुकीचे केले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतनिसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती कलम १३४-अ म्हणून कायद्यात आली. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, रुग्णालय त्याला थांबवून ठेवू शकत नाही किंवा त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही.

तरीही तुम्हाला कळवावेसे वाटते, त्याला एक ठोस कारण आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर जखमीच्या हाती सरकारी योजनेतील ठरावीक रक्कमच राहते : गंभीर दुखापतीस ५०,००० आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख. वाहन सापडले, तर त्याच्या विम्याकडून पूर्ण भरपाई मागता येते. मे २०२५ पासून लागू झालेली, सात दिवसांपर्यंत आणि दीड लाखांपर्यंत रोखीविना उपचार देणारी योजनाही पोलिसांकडील नोंदीशी जोडलेली आहे. वाहनाचा रंग, प्रकार, क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे, ते कोणत्या बाजूला गेले, यांपैकी काहीही आठवत असेल, तर ते आज फक्त तुमच्याकडे आहे. टोलनाक्यावरील चित्रणात त्या वेळचे वाहन शोधायला एवढे धागे पुरतात.

स्वतःहून साक्षीदार झालात, तर जबाब एकदाच, तुमच्या सोयीच्या जागी आणि वेळी घ्यावा, असा नियम आहे. ज्या हद्दीत अपघात झाला, त्या ठाण्यात फोन करून तपास अधिकाऱ्याचे नाव विचारा आणि जबाबासाठी त्यांनी तुमच्या घरी यावे, असे त्यांना सांगा.